पुण्यातील एक व्याख्यान आणि मृणालची चिठ्ठी

२०१५ साली ‘एपिक’ वाहिनीवर ‘स्टोरीज बाय रवींद्रनाथ टागोर’ ही हिंदी मालिका सुरू झाली. दिग्दर्शक अनुराग बासू, भाग २६. पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांची बिनोदिनी, अमृता पुरी यांची चारुलता, अमृता बागची यांची मृणाल. पुढे ही मालिका ओटीटीवर आली आणि मूळ प्रक्षेपणाच्या वेळी शाळेत असलेल्या पिढीने ती पाहिली. या पिढीच्या बोलण्यात एक निष्कर्ष वारंवार येतो: रवींद्रनाथ काळाच्या शंभर वर्षे पुढे होते, ते पहिल्यापासूनच स्त्रीवादी होते.

‘पहिल्यापासून’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याला खटकावा असा आहे. या धाग्याचा विषय तेवढाच आहे. मालिकेतील स्त्रिया कोणत्या सालातल्या आहेत, आणि त्या सालांत त्यांचा लेखक काय म्हणत होता, काय करत होता?

आधी मालिकेच्या जन्माविषयी. रवींद्रनाथांचे निधन ७ ऑगस्ट १९४१ रोजी झाले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे स्वामित्वहक्क टिके. म्हणजे १९९१ अखेर त्यांचे साहित्य सर्वांना खुले व्हायचे होते. ऐन वेळी ही मुदत ६० वर्षांवर नेण्यात आली, आणि त्यामागचे मुख्य कारण रवींद्रनाथांचेच साहित्य होते. हक्क विश्वभारतीकडे होते. ते ३१ डिसेंबर २००१ रोजी संपले. त्यानंतर या कथांवर काही करू इच्छिणाऱ्याला विश्वभारतीच्या दारी जाण्याची गरज उरली नाही. एका खासगी वाहिनीने इतक्या कथा एकगठ्ठा घ्याव्यात, यामागे वाङ्मयप्रेमाइतकेच हे कायद्याचे गणितही आहे.

मालिकेची सुरुवात ‘चोखेर बाली’ने होते. ती मुळात कथा नव्हे, कादंबरी. १९०१-०२ मध्ये ‘बंगदर्शन’मधून क्रमशः आलेली. तिच्या पुढेमागे १८९०च्या दशकातल्या कथा येतात, ‘नष्टनीड’ येते, आणि १९१४ सालच्या ‘स्त्रीर पत्र’वर बेतलेली ‘मृणाल की चिठ्ठी’ही येते. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. परंतु सगळ्या भागांना एकच मऊ उजेड, त्याच प्रशस्त ओसऱ्या, तशाच देखण्या साड्या मिळाल्या की पाव शतकाचे अंतर पुसले जाते. बिनोदिनी, चारू आणि मृणाल एकाच वाड्यातल्या तीन जावा वाटू लागतात.

साड्यांचा विषय निघालाच आहे, तर एक छोटे वळण घेऊ. ज्या पेहरावाला आज प्रेक्षक ‘खास बंगाली’ म्हणतात, त्याचा एक धागा मुंबईत सापडतो. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएसमध्ये प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय. त्यांची नेमणूक १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात झाली. पत्नी ज्ञानदानंदिनी देवी सोबत आल्या. घराबाहेर वावरण्याजोगा पेहराव तोवर बंगाली भद्रघरातील स्त्रियांपाशी नव्हता. अंतःपुरात तो लागतच नव्हता. मुंबईत त्यांनी पारशी स्त्रियांचे साडी नेसणे पाहिले, त्यात आपल्या सोयीचे फेरफार केले आणि सोबत पोलके व परकर घेऊन ती पद्धत कलकत्त्यास नेली. ब्राह्मो घरांतून ती पसरली. पेहरावाचा प्रश्न तेव्हा सौंदर्याचा कमी आणि उंबरठा ओलांडण्याचा अधिक होता.

सत्येंद्रनाथांच्या नोकरीमुळे धाकट्या रवीचे या प्रांतात येणे-जाणे सुरू झाले. १८७८ मध्ये, विलायतेस जाण्यापूर्वी, तो मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिला. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. त्यांची विलायतेहून परतलेली कन्या अन्नपूर्णा हिने या सतरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी बोलण्याची सवय व्हावी अशी योजना होती. त्याने तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. या प्रसंगावर आजवर पुष्कळ हळवे लेखन झाले आहे, त्यात भर घालण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की शिकलेली, मोकळेपणाने बोलणारी मराठी स्त्री रवींद्रनाथांनी तरुणपणीच जवळून पाहिली होती.

अकरा वर्षांनी, १८८९ च्या उन्हाळ्यात, ते पुण्यात होते. तेथे त्यांनी पंडिता रमाबाईंचे व्याख्यान ऐकले.

रमाबाई त्या वेळी ३१ वर्षांच्या होत्या. दहा-अकरा वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी त्यांनी जातिबंधन मोडून विवाह केला, दोन वर्षांच्या आत त्या विधवा झाल्या आणि लहानगी मनोरमा घेऊन पुण्यास आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष, मग इंग्लंड, तेथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, मग अमेरिका. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे त्यांचे पुस्तक १८८७ मध्ये निघाले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुण्यातील सभेत उभ्या राहिलेल्या रमाबाई अशा होत्या: वयाने वक्त्याच्या मानाने तरुण, अनुभवाने श्रोत्यांपैकी बहुतेकांहून मोठ्या, आणि धर्मांतरामुळे अनेकांच्या रोषाला पात्र.

त्या प्रसंगावर रवींद्रनाथांनी पत्ररूपाने एक लेख लिहिला. तो त्याच वर्षी बंगालीत छापला गेला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रमाबाईंनी स्त्रिया सर्व बाबतींत पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत असे म्हटले आणि अपवाद म्हणून मद्यपान तेवढे सोडले. हा टोला श्रोत्यांतील पुरुषांना सोसवला नाही. गलका सुरू झाला, वाढला, आणि व्याख्यान अपुरेच सोडून बाईंना बसावे लागले. एका स्त्रीला असे गप्प करणाऱ्या पुरुषांवर रवींद्रनाथ नाराज झाले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पण गलका करणाऱ्यांना नावे ठेवून झाल्यावर त्यांनी रमाबाईंचा मुद्दाही खोडून काढला. स्त्रीपुरुषांचे गुण निसर्गतःच वेगळे आहेत. बळ आणि बुद्धी यांत पुरुष पुढे, रूप आणि हृदय यांत स्त्री. शिक्षणाची संधी नव्हती म्हणून स्त्रिया मागे राहिल्या, हे कारण त्यांना पटत नाही: युरोपात स्त्रिया पिढ्यान् पिढ्या संगीत शिकत आल्या, तरी त्यांच्यातून कोणी मोझार्ट किंवा बेथोव्हेन झाले नाही, असा त्यांचा युक्तिवाद. गर्भधारणा आणि अपत्यसंगोपन यांनी स्त्रीला घराशी बांधले आहे. पतीवरील अवलंबन हे हीनपण मानू नये, भक्तीने स्वीकारले तर त्यातून स्त्रीचे मन उंचावतेच. लेखक २८ वर्षांचा, दोन मुलांचा बाप. सहा वर्षांपूर्वी त्याचे लग्न झाले होते ते नऊ-दहा वर्षांच्या भवतारिणीशी. सासरी तिचे नावही बदलून मृणालिनी केले गेले.

हा लेख आज वाचताना चडफडाट होतो, पण त्यातला युक्तिवाद नवलाचा नाही. १८८० च्या दशकात पुण्यात आणि कलकत्त्यात शेकडो सुशिक्षित पुरुष हेच बोलत होते. मुलींना शिकवावे, सती-बालविवाहाच्या क्रौर्यावर लिहावे, पण बरोबरीचा शब्द निघाला की निसर्गाला साक्षीला बोलवावे, अशी सुधारणेची तेव्हाची मर्यादा होती. रवींद्रनाथ त्या मर्यादेच्या आत उभे होते. ते तेथून सरकले कसे, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

एक उत्तर नकाशात मिळते. या लेखानंतर लवकरच वडिलांनी त्यांच्यावर पूर्व बंगालातील जमीनदारीची देखरेख सोपवली. शिलाईदह, शहाजादपूर, पतिसर. नदी, होडी, कचेरी, रयतेच्या तक्रारी. शहरातील अंतःपुरे तोवर त्यांच्या परिचयाची होती. आता खेड्यातील बायका-मुली रोज दिसू लागल्या. ‘समाप्ति’मधील अवखळ मृण्मयीचे मूळ शहाजादपूरच्या घाटावर पाहिलेल्या एका मुलीत आहे, १८९१ च्या एका पत्रात तिचे वर्णन आहे.

त्याच साली ‘हितवादी’ साप्ताहिकात ‘देनापावना’ आली. हुंड्याची रक्कम पुरी न झाल्याने सासरी खंगून मेलेल्या निरुपमेची ही कथा. १८९३ ची ‘शास्ति’ याहून कठोर. थोरल्या भावाच्या हातून रागाच्या भरात बायकोचा खून होतो. धाकटा भाऊ त्याला वाचवण्यासाठी आळ आपल्या बायकोवर, चंदरावर, टाकतो. हिशेब असा की बायको दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही. चंदरा तो आळ अंगावर घेते आणि मग कोणी कितीही समजावले तरी मागे घेत नाही. फाशीपूर्वी नवऱ्याला भेटायचे का असे विचारल्यावर ती एका शब्दात जे उत्तर देते, त्याचा बंगालीतला अर्थ लाज, तिरस्कार आणि मरण यांच्या मध्ये कोठेतरी आहे. अनुवादकांची तेथे दरवेळी दमछाक होते. निबंधात स्त्रीला पतिभक्तीने उन्नत होताना पाहणारा लेखक चारच वर्षांत हे लिहितो.

म्हणून कथाकार निबंधकाराच्या पुढे होता, असे म्हणून सुटका करून घेता येईल. दिलासा देणारे हे वाक्य १९०१ सालापाशी येऊन अडते.

१९०१ मध्ये ‘चोखेर बाली’ क्रमशः येऊ लागली. इंग्रजी शिकलेली तरुण विधवा बिनोदिनी, तिची बुद्धी, तिची वासना, तिचा मत्सर, सारे काही न सारवता मांडलेले. ‘नष्टनीड’ही त्याच वर्षीची: संपादक नवऱ्याच्या घरात एकटी पडलेली, दिराच्या सहवासात लिहू लागलेली चारू. (या कथेमागे कादंबरी देवींना शोधण्याचा उद्योग समाजमाध्यमांवर अखंड चालू असतो. १८८४ मध्ये आत्महत्या केलेल्या त्या स्त्रीला आता तरी स्वस्थता मिळावी.) बंगाली गद्यात स्त्रीचे मन इतक्या बारकाईने क्वचितच कोणी पाहिले होते.

आणि त्याच १९०१ च्या उन्हा-पावसाळ्यात या लेखकाने आपल्या दोन मुलींची लग्ने उरकली. थोरली माधुरीलता चौदा वर्षांची होती. तिच्या वेळी वरपक्षाशी देण्याघेण्यावरून घासाघीस झाली, पत्रव्यवहार झाला, मध्यस्थ घातले गेले. ‘देनापावना’ लिहून दहा वर्षे झाली होती. मधली रेणुका अवघी दहा वर्षांची होती. तिचे लग्न तर घाईघाईतच लागले. दोनच वर्षांनी ती क्षयाने गेली. धाकटी मीरा १९०७ मध्ये तेराव्या वर्षी बोहल्यावर चढली आणि तो संसार सुखाचा झाला नाही.

याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, आणि काही अंशी रास्तही. तरी एवढ्याने समजूत पुरी होत नाही. एकत्र कुटुंब, हयात आणि कर्तेपणा गाजवणारे वडील देवेंद्रनाथ, पैशाची ओढाताण, शांतिनिकेतनच्या शाळेची जुळवाजुळव, यांच्या दडपणाखाली माणूस काय करतो याची नोंद त्याच्या हिशेबवहीत आणि पत्रांत असते. तो काय जाणतो याची नोंद कथेत. समाजेतिहासासाठी दोन्ही दप्तरे लागतात. मालिका दुसरेच दप्तर उघडते, आणि प्रेक्षक त्यालाच पहिले समजतो.

पुढच्या दशकात वडील गेले, पत्नी गेली, मुले गेली. १९१० मध्ये रवींद्रनाथांनी पुत्र रथींद्रनाथाचा विवाह प्रतिमा देवी या बालविधवेशी लावून दिला. जोडासांकोच्या घरातला तो पहिला विधवाविवाह. मीरेच्या संसाराची परवड ते पाहतच होते.

१९१४ च्या सुरुवातीस कलकत्त्यात स्नेहलता नावाच्या एका किशोरवयीन मुलीने स्वतःला जाळून घेतले. तिच्या हुंड्यासाठी वडील राहते घर गहाण टाकणार होते. वृत्तपत्रे आठवडेच्या आठवडे पेटून उठली. सभा झाल्या, शपथा घेतल्या गेल्या. त्याच वर्षी प्रमथ चौधुरी यांनी ‘सबुजपत्र’ हे मासिक काढले आणि त्यात ‘स्त्रीर पत्र’ प्रसिद्ध झाली.

मृणाल ही कलकत्त्याच्या घरातली मधली सून. रूपामुळे निवडलेली, बुद्धीमुळे नकोशी झालेली. पंधरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला तिने कधी पत्र लिहिले नव्हते. ते पहिले पत्र ती जगन्नाथपुरीहून लिहिते. त्यात बाळंतिणीची कोंदट खोली आहे, जी पाहून इंग्रज डॉक्टर चकित होतो. जन्मताच गेलेली मुलगी आहे. चोरून लिहिलेल्या कविता आहेत. आणि बिंदू आहे: थोरल्या जावेची पोरकी बहीण, जिला घरात कोणी विचारत नाही आणि जी मृणालवर वेड्यासारखी माया करते. तिचे लग्न एका खरोखरच्या वेड्याशी लावले जाते. ती पळून येते, परत पाठवली जाते, आणि अखेर अंगावरचे कपडे पेटवून घेते. हल्ली मुलींना जाळून घेण्याची टूमच निघाली आहे, अशी बाहेरच्यांची कुरकुर मृणाल नोंदवते. १९१४ च्या वाचकाला हा रोख कोणावर आहे हे सांगावे लागले नसेल. पत्र संपते तेव्हा मृणालने परत न येण्याचे ठरवलेले आहे, आणि सहीच्या जागी पतिचरणांच्या आश्रयाची रूढ भाषा तिने मोडून ठेवली आहे.

१८८९ च्या पुण्यातील लेखात त्या चरणांवरची भक्ती हेच स्त्रीचे बळ होते. दोन्ही मजकूर एकाच हातचे. मध्ये पंचवीस वर्षे.

या पत्राला उत्तरही आले. ‘लाल-बाल-पाल’मधले बिपिनचंद्र पाल यांनी चित्तरंजन दासांच्या ‘नारायण’ मासिकात या कथेला जबाब देणारी कथा लिहिली. तिच्यात मृणाल पश्चात्ताप पावते. स्वदेशीच्या काळात ज्यांच्या वक्तृत्वाने तरुण भारावले, त्या पुढाऱ्याला एका काल्पनिक सुनेला घरी परत आणण्याची निकड भासली. मालिकेचा प्रेक्षक मृणालला ‘कालातीत’ म्हणतो. तिच्या समकालीनांना ती इतकी प्रासंगिक वाटली होती की तिला कथेतल्या कथेत आवर घालावा लागला.

छोट्या पडद्यावर पत्रकथा नेताना आणखी एक गोष्ट अटळपणे घडते. मूळ कथेत नवरा गप्प आहे. पंधरा वर्षे बोलणारा तो, ऐकणारी ती. पत्रात तेवढे उलटे झाले आहे. त्याला चेहरा नाही, बाजू मांडण्याची सोय नाही. कॅमेऱ्याला मात्र घर दाखवावे लागते, नवरा दाखवावा लागतो, त्याच्या तोंडी शब्द द्यावे लागतात. १९७२ मध्ये पूर्णेंदु पत्री यांनी माधवी मुखर्जी यांना घेऊन याच कथेवर बंगाली चित्रपट केला, तेव्हाही ही अडचण होतीच. दृश्य माध्यम पक्षपात करू शकत नाही असे नाही. पण मृणालने मिळवलेली एकतर्फी बोलण्याची मुभा त्यात पातळ होते.

आणि रमाबाई? १८८९ च्या त्या सभेत जी स्त्री बोलत होती, तिला खाली बसावे लागले. तिचे ऐकून, आधी नाकारून, मग पंचवीस वर्षांनी तिच्या जवळ येऊन पोहोचलेल्या श्रोत्याच्या कथा आज पडद्यावर आहेत. रमाबाईंचा थेट परिणाम रवींद्रनाथांवर झाला असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणूही नये. परंतु त्या काळच्या स्त्रियांनी स्वतः काही लिहिलेच नव्हते, म्हणून पुरुषाच्या कथांवर भागवावे लागते, असे कोणी समजत असेल तर ते चुकीचे आहे. राससुंदरी देवींचे ‘आमार जीबन’ होते. चोरून अक्षरे गिरवलेल्या गृहिणीचे आत्मचरित्र. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली होती. काशीबाई कानिटकर मराठीत कथा लिहीत होत्या. खुद्द रवींद्रनाथांच्या घरात थोरली बहीण स्वर्णकुमारी देवी कादंबऱ्या लिहीत होत्या आणि ‘भारती’चे संपादन करत होत्या. थोरली लेक माधुरीलताही कथा लिहीत असे.

मराठीत अशी मालिका करायची झाल्यास पहिले पुस्तक कोणते घ्यावे, याविषयी फार वाद होऊ नये. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने १९३३ मध्ये निघालेला ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाच्या बाजारात थांबलेल्या मुली. त्यांच्या पगारावर विसंबलेली माहेरे. आणि ज्या इच्छांचा उच्चार तोवर मराठी स्त्रीने छापील पानावर केला नव्हता त्या इच्छा. गदारोळ इतका झाला की नावाआडची लेखिका कोण याचा शोध घेण्यातच अनेकांनी आपली ताकद खर्च केली. त्या मालतीबाई बेडेकर. त्यांचे निधन २००१ साली झाले, ज्या वर्षाच्या अखेरीस रवींद्रनाथांचे साहित्य खुले झाले. त्याच साठ वर्षांच्या नियमाने ‘कळ्यांचे निःश्वास’ २०६२ च्या पहिल्या दिवशी सर्वांना खुले होईल. त्याआधी कोणाला ते पडद्यावर आणायचे असेल तर रीतसर परवानगी मागावी लागेल.